अंजनाची फळी

अंजनाचं लाकूड पाण्यात टाकलं तर बुडतं. आमच्या डोईफोडियात हे पोरासोरांनाही ठाऊक. पाला गुरांना, लाकूड घराच्या तुळईला, एवढीच त्याची ओळख. आजोळचं जुनं घर उतरवलं तेव्हा एका तुळईतून फळी चिरून आणली आणि बहिणीला म्हटलं, बंगई करून देतो.

रंधा लोखंडी, बऱ्हाणपूरहून आणलेला, नवाकोरा. नवा म्हणजे तयार, अशी माझी समजूत. सागावर तो बरा चालत होता. अंजनावर दोन हात मारले आणि खपल्या उडाल्या. या लाकडाची रेषा एका दिशेने जातच नाही. वीतभर सुलटी, पुढे उलटी. मी धार लावली, परत लावली. तीन दिवस तेच. हातावरचे केस साफ निघायचे, फळी मात्र ओरबाडलेलीच.

मामांची सगळी हयात लाकडी रंधा आणि पाचर यांत गेलेली. त्यांनी पातं बाहेर काढलं, त्यावर स्क्रूने बसवलेल्या पट्टीसकट उन्हाकडे धरलं.

"धार काय पाहतो? फट पाह्य."

पट्टीच्या काठाखालून उजेडाची रेघ दिसत होती. तिथेच सालपट घुसून अडकत होतं. शिवाय पट्टी धारेपासून चांगली 2 मिलिमीटर मागे. तोवर मला वाटायचं, ही पट्टी पातं दाबून धरायला असते. खरं काम वेगळंच. पात्यावर चढणारं सालपट लवकर वाकलं नाही, तर ते पुढची रेषा उचकटत जातं. पट्टी धारेला खेटून असली की सालपट निघता निघताच मोडतं, उचकटायला त्याला जोरच उरत नाही. सागाला 1 मिलिमीटर मागे चालतं, अंजनाला पाव मिलिमीटरच्या आसपास हवं. एवढं मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. काळ्या पात्याची चकाकती कोर जेमतेम दिसेल इतकी ठेवली.

पट्टीचा काठ ऑइल स्टोनवर घासून उजेड बंद केला. मग रंध्याचा तळ. खिडकीच्या जाड काचेवर 80 नंबरचा पॉलिश पेपर, तळावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा. पातं आत ओढलेलं, पण कसलेलंच; कारण कसल्यावर लोखंडही जरासं वाकतं, आणि काम त्याच वाकलेल्या तळाने करायचं असतं. सगळ्या रेघा गेल्या, पातं जिथून बाहेर येतं त्या तोंडापुढची एक पुसेना. म्हणजे लाकूड जिथे दाबून धरायला हवं, नेमका तिथेच खोलगा. ती रेघ जायला संध्याकाळ झाली. पात्याखालची बैठक सरकवून तोंड लग्नपत्रिकेच्या कागदाएवढं अरुंद केलं, आणि पात्याची दोन्ही टोकं किंचित गोलवली, नाहीतर फळीवर पट्टे उठतात.

मग मात्र सालपटं निघाली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. रंध्याचा आवाजच बदलला. ओट्यावर बसलेले मामा न बघता म्हणाले, "हां."

गाठीपाशी अजूनही एक खपली निघालीच. तेवढी जागा फुटक्या काचेने खरवडली. अशा जागी सुतार तेच करतात, त्यात कमीपणा नाही. वरून जवसाचं तेल दिलं.

दुसऱ्या दिवशी त्याच रंध्याने सागाची चौकट घेतली आणि जरा जाड हात मारला. तोंडात सालपटं गच्च कोंबली गेली. स्क्रू ढिला करून पट्टी परत मागे घेतली.