अहो, ओट्स म्हणजे तण होतं!

परवा सातिवलीत आमच्या गाळ्यामागच्या डबक्यात एक लोंबी पाहिली आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी पिडतोय. आता तुमची पाळी!

डब्यात ओट्सचा उपमा होता (डॉक्टरांची कृपा). खात खात मागच्या दारात आलो. साचलेल्या पावसाच्या पाण्यात भातासारखंच काहीतरी उभं, पण कुसळं ही लांब, तांबूस. लोंबीला नुसतं बोट लावलं तर दाणे टपाटप पाण्यात! झाडलोट करणाऱ्या मावशी हसल्या. "देवभात हाय तो, दादा. पिकला का झडतो. ऋषिपंचमीला लागतो ना, बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं तवा."

झडतो! रानटी दाण्याला झडावंच लागतं, नाहीतर रुजणार कुठे? मग आपला भात का झडत नाही? रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. भातात 'एसएच-४' नावाचं जनुक आहे. त्यातल्या एका अक्षराच्या बदलानं दाणा लोंबीला धरून राहू लागला, हे २००६ साली उलगडलं. एक अक्षर! जे दाणे झडले नाहीत तेच कापणीत हाती लागले, घरी आले, पुढच्या वर्षीचं बियाणं झाले.

आणि माझा उपमा? तो तर चक्क घुसखोर निघाला. ओटचे रानटी पूर्वज पश्चिम आशियातले. गहू-जवाच्या शेतात ते तण म्हणून घुसले, बियाण्यात मिसळून युरोपात पोचले. तिथल्या थंड, ओलसर हवेत गहू रडायला लागला आणि हे तण तरारलं. शेतकऱ्यानं शेवटी तणालाच पीक केलं, तेही जेमतेम तीनेक हजार वर्षांपूर्वी. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी अशा पिकांना 'दुय्यम पिकं' म्हटलं. राय हे त्यातलंच. ओटची गुणसूत्रं ४२, तीन वेगवेगळ्या रानगवतांच्या घराण्यांतून आलेली!

त्याचा रानटी भाऊ, जंगली जई, उत्तरेकडच्या गव्हात आजही शेतकऱ्यांना छळतोय. त्याचं कुसळ पिळाचं, मध्येच गुडघ्यासारखं वाकलेलं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं वळवळत दाणा स्वतःच मातीत शिरतो. गवताला पाय फुटलेत, दुसरं काय!

आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ओटचा 'फुले हरिता' हा वाण काढलाय. वैरणीसाठी. म्हणजे माझा आणि म्हशीचा नाश्ता एकाच घराण्यातला. हे घरी अजून सांगितलेलं नाही.

काल पुन्हा डबक्याशी गेलो तर निम्म्या लोंब्या रिकाम्या. उद्या पहाटे सूप घेऊन जाणार आहे. दव असतानाच या, ऊन चढलं की काही मिळायचं नाही, असं मावशींनी बजावलंय.