शिलाखंड आणि मजुरीचा हिशेब

नालासोपाऱ्यात 1882 साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. शिकारीच्या सहली सोडून आपण धर्मयात्रा सुरू केल्या, जनपदातल्या माणसांना भेटून त्यांना धर्म सांगितला आणि त्याविषयी विचारपूस केली, असे त्यात राजा सांगतो. राज्यकर्त्याने लोकांत जाऊन त्यांना विचारण्याची ओढ इतकी जुनी आहे, हे जाणून दिलासा मिळतो. लोकांची स्थिती पाहून, मोजून मगच निर्णय घेणे, म्हणजे सामाजिक संशोधन धोरणात आणणे, हे त्या ओढीचे आजचे रूप.

महाराष्ट्रात त्याचा ठसठशीत दाखला मजुरीचा आहे. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांच्या समितीने सुचविलेली दिवसाची 4 रुपये मजुरी डॉक्टर आणि संशोधक अभय बंग यांनी मजुराच्या प्रत्यक्ष गरजांशी ताडून पाहिली, तेव्हा ती 12 रुपये असायला हवी असे दिसले, आणि पुढे शासनाने किमान वेतन वाढविले. चुकीच्या आकड्यामागे दुष्टावा नसला तरी ताटातली भाकरी कमी होतेच, ही जाणीव फार अस्वस्थ करणारी आहे.

आकडे जुने असले तरी हाच धोका असतो. आज नालासोपाऱ्याच्या आमदाराजवळ पूर्ण जनगणनेचे आकडे आहेत ते 2011चे. त्यानंतर उभ्या राहिलेल्या चाळींत टँकरची वाट पाहत हंडे मांडणाऱ्या बायका कोणत्या तक्त्यात येतात? हे शोधायला लोकप्रतिनिधीजवळ अभ्यासक हवेत. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस संस्थेच्या लॅम्प फेलोशिपमधून खासदारांना तरुण संशोधक साहाय्यक मिळतात. अशा साहाय्याची निकड विधानसभेत तितकीच आहे.