काही पोती भिजली आहेत

'बुद्धिमत्ता चाचणी' या नावावर माझा जुना राग आहे. शाळेत स्कॉलरशिपला (तेव्हा ती परीक्षा चौथी आणि सातवीला असायची) या नावाचा वेगळा पेपर असे. मराठीत मार्क कमी पडले तर अभ्यास केला नाही, एवढाच अर्थ निघायचा. बुद्धिमत्तेत कमी पडले म्हणजे... असो. तुम्हाला कळलं असेल.

पुढे इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हीच गोष्ट 'अ‍ॅप्टिट्यूड' असं इस्त्रीचं नाव घेऊन आली. होस्टेलवर शकुंतला देवींची कोडी आणि आर. एस. अगरवालांचं ते विटेएवढं जाड पुस्तक खोल्याखोल्यांतून फिरत होतं. तीन महिने रट्टा मारला, कॅम्पसमध्ये नोकरी लागली, पुस्तक ज्युनियरला देऊन टाकलं. वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं असंच झालं असेल. आपल्यासाठी ते एका सीझनचं पुस्तक होतं.

आमच्या गोंदियात तसं नाही. तिथे ते पुस्तक पाच-पाच, सात-सात वर्षं उशाशी असतं.

ज्यांना गोंदिया फक्त 'महाराष्ट्र एक्सप्रेसचं शेवटचं स्टेशन' म्हणून माहीत आहे त्यांच्यासाठी: १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला, राज्याच्या पार पूर्वेकडचा जिल्हा. आठ तालुके, धान, राईस मिल, तेंदूपत्ता, रेल्वे जंक्शन. मोठा उद्योग म्हणाल तर तिरोड्याचं वीज केंद्र. त्यामुळे बी.ए., बी.एस्सी. झालेल्या पोरापोरींपुढे जे रस्ते असतात ते बहुतेक एकाच फाटकातून जातात. पोलीस भरती, रेल्वे, बँक, तलाठी, आणि हिंमत असेल तर एमपीएससी. प्रत्येक ठिकाणी रीझनिंग आहेच, नाव तेवढं बदलतं. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० मार्कांचा पेपर, त्यात गणित, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण आणि आपली बुद्धिमत्ता चाचणी. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ गणित-बुद्धिमत्तेचे होते. जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांच्या वर, फी खुल्या वर्गाला १००० रुपये आणि राखीव वर्गाला ९००. धानाचा चुकारा वेळेवर न आलेल्या घरात हजार रुपये काय असतात ते पुण्यात बसून सांगणं कठीण आहे.

माझी भाची ती फी भरणाऱ्यांपैकी एक. आमगावजवळच्या गावात राहते, बी.एस्सी. झाली आहे आणि तीन वर्षं परीक्षा देते आहे. दर वेळी थोडक्यात राहते. भाऊजींनी सांगून टाकलंय, अजून एक वर्ष, मग पाहुणे बोलवायचे. ताईने मला फोन करून 'तू तर कॉम्प्युटरवाला, तुझं लॉजिक चांगलं, जरा बघ ना तिचं' असं सांगितलं आणि तेव्हापासून शनिवारी रात्री आमचा दोघांचा एक तासाचा फोन सुरू झाला.

पोरगी रोज चाळीस प्रश्न सोडवायची. आणि किती सुटले ते मोजायची. मी म्हटलं, सुटलेले सोड, चुकलेलेच घेऊ. आम्ही ऑफिसात बग आले की आधी त्यांचे ढीग करतो, तसे ढीग केले. एक, पद्धतच माहीत नव्हती. दोन, वेळ पुरला नाही. तीन, प्रश्नातला शब्द तिला एक वाटला आणि पेपर काढणाऱ्याला दुसरा. तिसरा ढीग सगळ्यात मोठा निघाला. संख्यामालिका, घड्याळ, सांकेतिक भाषा, यात तिची चूक क्वचितच. आकृत्या तर ती पाचवीत नवेगावबांधच्या नवोदयच्या परीक्षेसाठी करायची तेव्हापासून पक्क्या. (त्या परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न नुसत्या आकृत्यांचे असतात, भाषा आड येऊ नये म्हणूनच.) चुका सगळ्या नातेसंबंध, बैठक व्यवस्था आणि विधान-निष्कर्ष यांत.

नात्यांचा एक प्रश्न बघा. र हा स चा भाऊ आहे. स चं अपत्य ट आहे. तर र हा ट चा कोण? पर्याय: काका, मामा, आजोबा, माहिती अपुरी. भाचीने 'माहिती अपुरी' लिहिलं. पुस्तकात उत्तर 'काका'.

"मामाजी, स बाई असली तर? मग मामा होईन ना! माझं काहून चुकलं?"

तिचं चुकलंच नव्हतं. प्रश्न मुळात इंग्रजीत लिहिलेला असणार. तिथे उत्तर 'अंकल', आणि स बाई की बुवा याची अंकलला काही पडलेली नाही. इंग्रजीत पूर्ण सुटणारा प्रश्न मराठीत आणला की सुटेनासा होतो, कारण मराठीला जास्त माहिती लागते. 'कझिन' म्हटलं की इंग्रजाचं भागतं. आपल्याला चुलत, मावस, आते, मामे यांतलं नक्की कोणतं ते सांगावं लागतं. शिवाय आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, म्हणजे मामाच सासरा होऊ शकतो. जुन्या मराठीत तर सासऱ्याला मामंजीच म्हणत. पेपर काढणाऱ्याच्या जगात मात्र दोन माणसांमध्ये एकच नातं असतं.

उलटंही होतं बरं का. सहा जण गोल टेबलाभोवती बसलेत, त्यात दोन जोडपी आहेत, कोण कोणाची बायको ते शोधा. इंग्रजीत ही नावं शेवटपर्यंत झाकलेली राहतात. मराठीत 'क ही ड च्या समोर बसली आहे' असं छापलं की अर्धं कोडं फुटलं! क्रियापदानेच चुगली केली. चांगला अनुवादक अशा वेळी हा-ही गाळतो, 'क चं तोंड ड कडे आहे' असं काहीतरी करतो. घाईतला अनुवादक गाळत नाही. मग भाचीसारखी हुशार मुलगी गोंधळते, की हा इशारा खरा मानायचा की नाही? तेवढ्यात दोन मिनिटं गेली.

पण सगळ्यात जास्त मार्क खाल्ले ते 'काही' या शब्दाने.

समजा खरेदी केंद्रावर पाऊस आला आणि मी व्यापाऱ्याला सांगितलं, "काही पोती भिजली आहेत." त्याने येऊन पाहिलं तर सगळीच्या सगळी भिजलेली. तो मला खोटारडा म्हणेल, आणि त्याचं बरोबरच आहे. परीक्षेच्या तर्कशास्त्रात मात्र मी खरं बोललो. तिथे 'काही' म्हणजे 'निदान एक', सगळी असली तरी चालतात. एच. पी. ग्राइस नावाच्या तत्त्वज्ञाने ही गाठ छान सोडवली आहे (त्याचा 'लॉजिक अँड कन्व्हर्सेशन' हा लेख १९७५ चा). आपण बोलताना शब्दाच्या अर्थापलीकडेही ऐकणाऱ्याला काही सुचवत असतो. सगळी भिजली असती तर याने 'सगळी' म्हटलं असतं, असा हिशेब व्यापारी करतो. हा हिशेब करायला अक्कल लागते. परीक्षेत नेमकी तीच अक्कल दारात काढून ठेवायची असते.

(आपल्या धंद्यातली गंमत वेगळीच. पायथॉनमध्ये रिकाम्या यादीला 'यातले सगळे अमुक आहेत का' असं ऑल फंक्शनने विचारलं तर उत्तर 'ट्रू' येतं. 'सर्व अ ब आहेत, म्हणून काही अ ब आहेत' हा निष्कर्ष गाइडबुकात बरोबर, आणि आपल्या कोडमध्ये रिकाम्या यादीवर सपशेल चूक. अ‍ॅरिस्टॉटल आणि बूल यांचं भांडण, मध्ये आपण.)

मला यावर अलेक्झांडर लुरिया आठवतो. हा सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला होता. तिथल्या निरक्षर शेतकऱ्यांना त्याने विचारलं, उत्तरेत जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. अमुक गाव तिथे आहे. तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? बऱ्याच जणांचं उत्तर साधारण असं होतं की मी तिथे गेलो नाही, मला कसं माहीत, जो जाऊन आलाय त्याला विचारा. लुरियाने यावरून विचार करण्याच्या पद्धतीबद्दल मोठे निष्कर्ष काढले. मला विचाराल तर ते शेतकरी शहाणे होते. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष द्यायची नाही, हा त्यांचा नियम होता. खेळाचा नियम दुसरा आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या भाचीच्या घरी आजी पोवारी बोलते, बाजारात हिंदी चालते, शाळा मराठीत झाली, आणि प्रश्नाचा जन्म इंग्रजीत. यूपीएससीची पूर्वपरीक्षा तर मराठीत येतच नाही, हिंदी किंवा इंग्रजी घ्या. सीसॅट २०११ ला आला, त्याच्यावरून २०१४ ला दिल्लीत आंदोलन झालं ('स्टील प्लांट'चं 'लोहे का पौधा' झालेलं उदाहरण तेव्हा फार गाजलं), आणि २०१५ पासून तो पेपर ३३ टक्क्यांचा, फक्त पात्रतेपुरता उरला. एमपीएससीनेही २०२२ मध्ये तोच निर्णय घेतला. चांगलं झालं. पण पोलीस भरती आणि तलाठीमध्ये या प्रश्नांचा एकेक मार्क गुणवत्ता यादीत धरला जातो, आणि तिथल्या 'काही'साठी कोणी रस्त्यावर उतरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

मग आम्ही काय केलं? एक वही केली. डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर पेपरातला अर्थ. 'काही' म्हणजे निदान एक. 'किंवा' आलं की दोन्ही चालतात का ते आधी पाहायचं. 'डावीकडे' म्हणजे बसलेल्याच्या डावीकडे, माझ्या नाही. (गावात कोणी डावं-उजवं सांगत नाही हो, उगवतीकडे-मावळतीकडे सांगतात. दिशांचे प्रश्न तिला म्हणूनच सोपे जात.) 'गृहीतक' म्हणजे बोलणाऱ्याने न बोलता धरलेलं, मला पटलेलं नव्हे. आणि 'माहिती अपुरी' हे उत्तर लिहिण्याआधी विचारायचं, इंग्रजीत हा प्रश्न कसा असेल? रोजचे प्रश्न चाळीसवरून पंधरावर आणले. उरलेल्या वेळात चुकलेला प्रश्न शब्दाशब्दाने उलटा सोडवायचा. पहिले दोन आठवडे ती वैतागली होती, स्पीड गेली म्हणून. मग परत आली.

पुढचा पेपर नागपूरच्या सेंटरवर आहे. पहाटेच्या गाडीने निघून संध्याकाळपर्यंत घरी, सोबत भाऊजी. हे शेवटचं वर्ष की नाही हा विषय सध्या घरात कोणी काढत नाही.

गेल्या शनिवारी फोन ठेवल्यावर तिने स्वतः बनवलेला एक प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. "अ ही ब ला मामाजी म्हणते. ब हा अ च्या आईचा भाऊ नाही. तर ब कोण? अ) सासरा ब) आईचा चुलतभाऊ क) गावातलं कोणीही ड) माहिती अपुरी."

मी 'ड' लिहून पाठवलं.

"बरोबर," तिचं उत्तर आलं. "पण पेपरात अ लिहाल, मामाजी."