अंगावरची खूण

पत्र्याची नळी. पेन्शनचे कागद गुंडाळून तिच्यात ठेवायचे आणि ती आढ्याला टांगायची. उंदीर, वाळवी, पोरे, कुणाचाच हात तिथे पोचत नसे. आमच्या घरची नळी अजून आहे, आतला कागद नाही. पेन्शनर वारला की त्याचा कागद कचेरीत जमा करायचा, असा नियम होता. आजोबांनी तो पाळला. ज्यांनी पाळला नाही त्यांच्या घरी आज पणजोबा सापडतात.

आमच्याकडे निघाला तो पलटणीतून सुटल्याचा कागद, चुलत्यांच्या ट्रंकेत, घड्यांवर चिरलेला. नंबर, हुद्दा, बापाचे नाव, जात, गाव, उंची. पुढे ओळखीच्या खुणांचा रकाना. डाव्या भुवईवर व्रण. गालावर देवीचे वण. हे मायेने लिहिलेले नव्हे. उद्या भलताच कुणी येऊन पैसे उचलील, या संशयाने कारकुनाने शिपायाला उजेडात उभे केले आणि न्याहाळले. पणजोबांचा फोटो कधी निघाला नाही. त्यांचा चेहरा म्हणून आता या दोन ओळीच आहेत, आणि त्या कारकुनाचे मला फार उपकार वाटतात.

अंगठा. शाई विटून तपकिरी झालेली, रेषा एकमेकींत मिसळलेल्या.

गावाचे नाव. इंग्रजीत लिहिताना ड आणि द, ट आणि त, ण आणि न एकच झाले. मराठी उच्चार ठाऊक असलेला माणूस शेजारी बसला तरच ते गाव पुन्हा मराठीत येते. त्यातून आमचे गाव आज सांगली जिल्ह्यात आणि कागदात सातारा, कारण दक्षिण सातारा वेगळा निघाला तो १९४९ साली. तळकोकणातल्यांनी रत्नागिरीच धुंडाळावी, सिंधुदुर्ग १९८१चा.

नावाच्या शेवटचे ‘नाक’. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८च्या लढाईत पडलेल्या बावीस महार शिपायांची नावे अशी संपतात. पुढच्या पिढ्यांत हा प्रत्यय गळला, आडनावे आली, आणि त्या नावापासून आजच्या घरापर्यंतची वाट बुजली. दापोलीच्या कॅम्पात अशा पेन्शनरांची वस्ती होती. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदारही पेन्शनीत निघाल्यावर मुलाबाळांसह तिथेच आले. १८९०च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा याच दापोलीतून निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारसाठी अर्ज लिहिला. वाडवडिलांच्या नोकरीचा दाखला देऊन हक्क मागणारा तो कागद. पूर्वज शोधणे त्यांच्यासाठी फावल्या वेळचे काम नव्हते.

ज्यांना पेन्शनच लागली नाही ते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली, पुढे कैद. मेलेल्यांपैकी बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली, साध्या हिंदी शिपायांचा फक्त आकडा. त्या आकड्यातल्या कुणाची विधवा पेन्शन उचलत असेल, तर तिच्या कागदावर त्याचे नाव असायचे. ते कागद आधी शोधावेत. नवऱ्याच्या नावापुढे तिचेही असते, बहुधा सरकारी कागदावर आयुष्यात एकदाच.

मोडी वाचणारा. गावात शेवटचा होता, तो गेला. पलटणीतून आलेली दोन पत्रे तशीच घडी करून ठेवली आहेत.

आजी. वय नव्वदीच्या पुढे. पणजोबांना पाहिलेले घरात तेवढे एकच माणूस. तिला रकाना वाचून दाखवला आणि विचारले, भुवईवर व्रण होता का?

“मामंजींच्या तोंडाकडं मान वर करून कधी बघितलंच न्हाई,” ती म्हणाली. “पाय मातूर वळखीन. डाव्या पायाची करंगळी न्हवती.”

कागदात करंगळी नाही. मी पेन्सिलीने समासात लिहिली.