बाराला तोंड फिरवायचं

भाट्याच्या खाडीतून शिडाच्या होडीनं बाहेर पडायचं तर आधी वाऱ्याचं ॲप नाही, पंचांग उघडावं लागतं. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. नवमीला पावणेसात. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग सरकते, त्याचा हा तोंडी हिशोब. छापील तक्त्याशी पडताळून पाहिला तर थोडं मागेपुढे होतं, पण दिवस ठरवायला पुरतो.

भरती बघायची, कारण काजळी नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा आहे. ओहोटीला तिथे पाणी इतकं कमी होतं की राजिवड्याच्या बोटीही पाणी चढायची वाट बघत थांबतात. त्यातून ओहोटीचा जोर बाहेर आणि लाटा आत, असा सामना झाला तर दांड्यावर पाणी उभं राहतं. थिबा पॉइंटवरून हे सगळं नकाशासारखं दिसतं. लोक तिथे सूर्यास्ताचे फोटो काढायला येतात. मी महिनाभर रविवारी तिथे बसून पांढरी रेघ कुठे फुटते आणि किती वाजता फुटते, ते वहीत लिहून घेतलं. (थिबा राजालाही याच किनाऱ्यावर तीस वर्षं काढावी लागली. १९१६ साली तो इथेच गेला. समुद्र रोज दिसत असताना बाहेर जायची मुभा नसणं काय असतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल?)

होडी सोळा फुटी आहे, फायबरची, जुनी. डोलकाठी आणि परबाण नवीन. मागे छोटं मशीन आहे, त्यावरून बाबांचा आणि माझा वाद चालू असतो. बाबांची उमर ट्रॉलरवर गेली. त्यांचं म्हणणं, "मशीन असताना शीड कशाला?" रत्नागिरीत एवढ्या बोटी आहेत, पण शिडावर होडी हाकणारं माणूस शोधायला मला दोन महिने लागले. शेवटी राजिवड्यातले एक म्हातारे तांडेल सापडले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात शिडाची दोरी दिली, तिला दामण म्हणतात, आणि एवढंच सांगितलं, "बाय, हातात धर. बांधू नको." वाऱ्याचा झोत अचानक आला तर दोरी सोडायची, शीड फडफडतं आणि होडी सरळ होते. बांधलेली असेल तर गाठ सोडेपर्यंत होडी आडवी. दोन तास दोरी धरून तळहात सोलले, तरी त्यांनी बांधू दिली नाही.

त्यानंतर नारळ. सोललेला नारळ पाण्यात टाकायचा आणि होडी वळवून तो परत उचलायचा. नारळ म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसाचं डोकं. शिडाच्या होडीला ब्रेक नसतो. वारा कुठून आहे ते बघून नारळाच्या खालच्या अंगाला जायचं, तिथून वाऱ्याकडे तोंड करून वर यायचं, म्हणजे नारळाजवळ पोचेपर्यंत होडीचा वेग मरतो. खाडीतल्या सपाट पाण्यात हे जमायला लागलं तेव्हा चाचांनी मुखाजवळ नेलं. तिथे जेमतेम हातभर लाट होती. माझा मावसभाऊ नारळावर बोट रोखून बसला होता, त्याला तेवढंच काम. त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि नारळ गेला. लाटांच्या मागे एवढंसं काही दिसत नाही. त्या दिवसापासून लाइफ जॅकेटला शिट्टी बांधली आणि रंग भडक केशरी घेतला.

दिलीप दोंदे यांनी म्हादेई या गोव्यात बांधलेल्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तो पहिला भारतीय माणूस. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, पुढच्या मे महिन्यात परतले. सफर नऊ महिन्यांची आणि तयारी तीन वर्षांची. माझी सफर एका सकाळची आहे, तिला पाच महिने गेले. प्रमाण बघता मीच जास्त घाबरट.

'बाहेर' म्हणजे नक्की कुठे, तेही सांगते. रत्नदुर्गाचा डोंगर समुद्रात घुसलाय. मांडवी आणि भाट्याचं पाणी त्याच्या आडोशाला आहे. दुपारचा खारा वारा वायव्येकडून येतो, तो आधी किल्ल्यावर आदळतो आणि आपल्याला त्याचं उरलंसुरलं मिळतं. दीपगृह उजव्या हाताला ठेवून टोक ओलांडलं की आडोसा संपला. कड्यावरून उलटणाऱ्या लाटा पाणी ढवळतात, म्हणून तिथून लांब, मोकळ्या पाण्यातून जायचं. पलीकडे मिऱ्या. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं अख्खं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन बसलं. वारा किनाऱ्याकडे ढकलायला लागला की जहाजाचंही काही चालत नाही, तिथे सोळा फूट म्हणजे काय!

बेत असा. नवमीला पहाटे साडेसहाला भरतीवर निघायचं. त्या वेळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो बाहेर नेतो. नऊ-दहाला तो पडतो. मग थोडा वेळ सगळं स्तब्ध, नंतर खारा वारा सुरू होतो आणि घरी आणतो. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, तेच. एकच्या सुमारास पूर्ण ओहोटी, पुढे पाणी चढतं. म्हणजे चारला परत येताना तळ वाळूला लागलाच, तर चढतं पाणी उचलेल. आदल्या दिवशीच्या अंदाजात वारा बारा नॉटच्या वर किंवा लाट मीटरभराच्या वर दिसली, तर जायचं नाही. बंदर कार्यालयात आधी सांगायचं, कारण २००८ च्या नोव्हेंबरनंतर किनाऱ्यालगत अनोळखी शीड दिसलं तर लोक बघतातच, आणि बघावंच. आणि बाराला, जिथे असू तिथून, तोंड फिरवायचं. काळबादेवी समोर दिसत असली तरी.

हे सगळं एका कागदावर लिहिलं आणि आईला दिला. इतके दिवस मी तेच टाळत होते.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा मी तिसरीत होते. बाबांची बोट बाहेर होती. दोन रात्री काही कळलं नाही. घरी माणसं येत होती, सगळी एकच म्हणत होती, "येतील." केव्हापर्यंत वाट बघायची आणि केव्हापासून घाबरायचं, हे आईला कुणालाच सांगता येईना. तिनं दोन दिवस चूल पेटती ठेवली. तिसऱ्या दिवशी बाबा आले, जेवले आणि झोपले. त्या रात्रींबद्दल आमच्या घरात आजही कुणी बोलत नाही.

म्हणून कागदावर सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: पाचपर्यंत माझा फोन आला नाही तर चाचांना फोन कर. ते बोट घेऊन मुखापर्यंत येतील. साडेपाचला तटरक्षक दल, १५५४. होडीचा रंग, शिडाचा रंग, माणसं दोन, जायची दिशा, सगळं त्यांना वाचून दाखवता येईल असं.

आईनं चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटलं, नको म्हणेल.

"पाच वाजून एक मिनिटानं करू?"

"हो."

"चाचा झोपलेले असले तर?"

"त्यांना माहितीय. जागे असतील."

"बाबांना सांगितलंस?"

"मशीनमध्ये तेल ते स्वतः भरणारेत म्हणे."

ती काही बोलली नाही. डब्यातून पेन काढलं, 'पाच' खोडून वर 'साडेचार' लिहिलं, खालच्या साडेपाचचे पाच केले आणि कागद फ्रिजवर गॅसच्या नंबरशेजारी लावला.

"अर्धा तास जास्त कशाला गो लागतो तुला?"

आता बाराऐवजी साडेअकराला फिरावं लागणार. तेवढ्यात काळबादेवी दिसते की नाही, ते परत एकदा मोजायला बसलेय.