निसटणारा गिअर

होडीच्या पिछाडीला अडकवायच्या इंजिनाला, म्हणजे आउटबोर्डला, प्रारंभी गिअर नव्हता. ओले एविनरूड याने १९०९ साली मिलवॉकीत जे इंजिन बाजारात आणले, ते सुरू झाले की होडी निघालीच. पुढे १९४९ साली जॉन्सन कंपनीने दहा अश्वशक्तीच्या इंजिनाला पुढे, न्यूट्रल आणि मागे अशा तिन्ही स्थिती दिल्या. इंजिन धडधडते आहे आणि तरी होडी उभी आहे, हे लहान इंजिनात तेव्हा नवलाचेच होते.

त्यानंतरच्या दशकात घडवलेले असेच एक इंजिन विस्कॉन्सिनमध्ये माझ्या दाजींकडे, थोरल्या बहिणीच्या यजमानांकडे आहे. मी तिकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो होतो, तेव्हा त्याचा पुढचा गिअर निसटू लागला होता. तळ्याच्या मध्यावर वेग वाढवला की खटखट आवाज येई, इंजिन मोकळे घोंघावू लागे आणि होडी वाऱ्यावर भरकटे. "नातवाला घेऊन मी यात बसणार नाही," ताईने निक्षून सांगितले होते. दाजींना ते इंजिन विकणे अशक्य वाटत होते. दोघांचेही खरे होते.

दाजी दुरुस्तीला बसले, मी पाने आणि रिंच हाती देत राहिलो. पाहता पाहता जाणवले, की ही तर वाचनाचीच शिस्त आहे. लक्षण एक, त्याचे अर्थ अनेक. पंख्याची पिन तुटली किंवा त्याच्या तुंब्यातील रबर सुटले, तरी इंजिन असेच मोकळे पळते. पण त्यात दात दातांवर आपटल्याचा खटखटाट नसतो. म्हणून तो अर्थ आधी बाद झाला. मग त्यांनी स्पार्क प्लगची वायर काढून ठेवली आणि दांडा एकेका स्थितीत नेत पंखा हाताने फिरवून पाहिला. न्यूट्रलमध्ये तो मोकळा फिरावा, गिअरमध्ये अडावा. दांड्यापासून खाली जाणाऱ्या सळीचे सांधे सैल झाले असतील, तर गिअर अर्धवटच पडतो. ते सांधे घट्ट केले, तरी दोष उरला. तेव्हा खालचे तेल काढले. ते दुधाळ नव्हते, म्हणजे पाणी शिरले नव्हते. मात्र त्यात धातूचे कण चमकत होते. गिअरची पेटी उघडली ती यानंतर.

आमचे विद्यार्थी कविता हाती येताच थेट पेटी उघडतात. सळीचे सांधे, म्हणजे शब्द, क्रियापदे, विरामचिन्हे, तपासण्याचा धीर त्यांना नसतो, आणि तो शिकवण्याचा धीर आम्हालाही क्वचितच असतो.

पेटीत दोन दंतचक्रे असतात. इंजिन चालू असताना ती परस्परविरुद्ध दिशांना अखंड फिरतात. त्यांच्यामध्ये पंख्याच्या दांड्यावर सरकणारा एक दातेरी तुकडा असतो. तो ज्या चक्रात अडकेल, तिकडे होडी जाते. या दातांच्या कडा काटकोनी हव्यात. इथे पुढच्या बाजूच्या कडा गोलावल्या होत्या, त्यामुळे जोर येताच दात घसरत.

कारण मला अनपेक्षित होते. यंत्र जुने, म्हणून दाजी वर्षानुवर्षे गिअर अगदी हळुवार टाकत आले होते. अशा रचनेत इंजिनाचा वेग उतरवून दांडा एका झटक्यात टाकायचा असतो. हळू सरकवले, तर दात गुंतण्याआधी एकमेकांच्या कडा खात राहतात. जपण्यानेच ते झिजले होते. हे सांगताना दाजींचा स्वर उतरला. मला मात्र आपल्या अभिजात ग्रंथांची आठवण झाली. त्यांच्याशी आपण फार अदबीने वागतो, ना पुरते भिडतो ना दूर राहतो, आणि मग ते आता पकड घेत नाहीत अशी तक्रार करतो.

जुन्या सुट्या भागांच्या एका विक्रेत्याकडे तो तुकडा आणि पुढचे चक्र मिळाले. ताई आता होडीत बसते. दाजी गिअर टाकतात तेव्हा होणाऱ्या 'खट्' आवाजाने अजून दचकते, एवढेच.