कूजीच्या वाळूत बावीस कॅरेट

सिडनीत उन्हाळ्यातला रविवार मावळला की बॉन्डाय, कूजी, मरूब्राच्या वाळूवरची गर्दी पांगते आणि कानाला हेडफोन लावून, लांब दांड्याचं यंत्र झुलवत चालणारी माणसं उतरतात. शोध असतो तो सांडलेल्या नाण्यांचा आणि मुख्य म्हणजे अंगठ्यांचा. थंड पाण्यात बोटं आकसतात, त्यावर सनस्क्रीनचा बुळबुळीत थर. एका लाटेत अंगठी निसटते.

वेस्टमीडला राहणारे, मूळचे सांगलीचे एक निवृत्त इंजिनिअर या मंडळींपैकीच. आसपासच्या मराठी घरांत ते ‘डिटेक्टरवाले काका’. पैसे घेत नाहीत. कूजीला अंगठी हरवलेल्या एका नव्या सुनेचा फोन आला, तेव्हा यंत्राला हात लावण्याआधी त्यांनी तिलाच प्रश्न विचारले.

“किती कॅरेटची होती?”

“बावीस. सासूबाईंनी केलेलं साधं वळं, काका. पाच ग्रॅमचं.”

“इथे आल्यावर कापून लहान करून घेतलंस का?”

“हो, सैल होत होतं म्हणून. तुम्हाला कसं कळलं?”

“अगं, डाग उकलला असेल तर यंत्र वेगळंच बोलेल.”

या चौकशीमागे पदार्थविज्ञान आहे. डिटेक्टरची कॉइल वाळूत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. वाटेत धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचं क्षेत्र कॉइलला जाणवतं. अखंड अंगठीत हा प्रवाह गोल फिरतो, म्हणून आवाज खणखणीत येतो. सांधा सुटला की तो वाटेतच अडतो, आणि तीच अंगठी कागदासारख्या पातळ पत्र्याएवढी क्षीण वाटते.

सोनं म्हणून वेगळं काही यंत्राला कळत नाही. ॲडलेडमध्ये सुरू झालेल्या माइनलॅब कंपनीच्या इक्विनॉक्स ८०० या यंत्रावर शून्याखालचे आकडे लोखंडाचे, तर १ ते ४० इतर धातूंचे. नाजूक अंगठीचा आकडा चॉकलेटच्या चांदीच्या कागदाशेजारी पडतो, जरा जाड अंगठीचा पेयांच्या डब्यांवरून तुटलेल्या ॲल्युमिनियमच्या कड्यांजवळ. कचरा नको म्हणून हे आकडे बंद केले, की सोन्याचाही आवाज बंद. नवशिक्यांचं इथेच फसतं. अंगठी हवी असेल तर कड्या उकरायची तयारी लागते.

त्यात परदेशातल्या मराठी माणसाची आणखी एक अडचण. ऑस्ट्रेलियातल्या दुकानांत ९ आणि १८ कॅरेटचे दागिने सर्रास विकले जातात. ९ कॅरेटमध्ये सोनं फक्त ३७.५ टक्के. आपल्याकडच्या बावीस कॅरेटमध्ये ते ९१.६ टक्के. शुद्ध सोनं विजेचं उत्तम वाहक आहे, मिश्रणाने ही वाहकता झपाट्याने घसरते. म्हणून त्याच मापाची आपली अंगठी सहसा वरचा आकडा दाखवते. आकार आणि जाडीचा परिणाम तर त्याहून मोठा. ‘सोनं अमुक आकड्याला सापडतं’ हा स्थानिक सल्ला सासूबाईंच्या वळ्याला लागू होईलच असं नाही.

काकांनी त्यावर साधा उपाय केला. त्या सुनेच्या जावेकडून तसंच दुसरं वळं मागवलं, दोरा बांधून ते कूजीच्या ओल्या वाळूवर ठेवलं आणि त्यावरून कॉइल फिरवली. आधी आडवं, मग उभं. उभ्या अंगठीचा आवाज बारीक होतो. पडद्यावरचे आकडे त्यांनी लक्षात ठेवले.

मग यंत्राची जुळवणी. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे ओली वाळूही यंत्राला धातूसारखी भासते. एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारी यंत्रं इथे उगीच ओरडत राहतात. अनेक फ्रीक्वेन्सींची यंत्रं तो गोंधळ वजा करू शकतात. काकांनी ‘बीच’ मोड लावला, मोबाइल दूर ठेवला, नॉइज कॅन्सल केलं, वाळूवर कॉइल वरखाली करून ग्राउंड बॅलन्स साधला. सेन्सिटिव्हिटी आधी वर नेली आणि कुरकुर थांबेपर्यंत एकेक पायरी खाली आणली. ती कमाल ठेवली की खोलवरचं सापडतं हा समज ओल्या वाळूत उलटा पडतो, कारण गोंगाटात बारीक आवाज हरवतो. कुठलाही धातू गाळायचा नाही, हे पक्कं.

ओहोटीची वेळ होती. पाण्याच्या रेषेला समांतर पट्टे आखून काका कॉइल वाळूला जवळपास टेकवत हळूहळू चालले. सोनं वाळूच्या कणांपेक्षा सहापटींहून जड, लाटांनी वाळू हलली की ते खाली खाली जातं, त्यामुळे घाईचा उपयोग नसतो. आधी बाटलीचं झाकण निघालं, मग कडी, मग पाच सेंटचं नाणं. त्यानंतर जावेच्या वळ्याच्या आकड्याला लागून एक गोल, भरीव आवाज आला. दोन्ही बाजूंनी कॉइल फिरवली तरी तोच. जाळीदार फावड्यातून पाणी निथळलं आणि तळाशी वळं उरलं. डाग शाबूत होता.

मंगळसूत्र हरवलं तर काम याहून अवघड. बारीक तारेत ओवलेल्या काळ्या मण्यांत प्रवाहाला फिरायला जागाच नसते. यंत्राला ऐकू येतात त्या वाट्या, त्यामुळे वाट्या केवढ्या होत्या हे काका पहिल्यांदा विचारतात.

न्यू साउथ वेल्सच्या राष्ट्रीय उद्यानांतल्या किनाऱ्यांवर परवानगीशिवाय डिटेक्टर चालवता येत नाही. सापडलेली मौल्यवान वस्तू मालकाचा शोध न घेता ठेवून घेणं चोरी ठरू शकतं, म्हणून बेवारस अंगठी काका पोलिसांकडे जमा करतात. फोन करणाऱ्यांना ते एकच विनंती करतात. अंगठी पडली की हातांनी वाळू उपसू नका; जागेवर उभं राहून समोरच्या इमारतीचा आणि लाइफगार्डच्या मनोऱ्याचा फोटो काढा, घड्याळात वेळ पाहा आणि पुढची ओहोटी कधी आहे ते मोबाइलवर बघून कळवा.